आखाजीला लावलेल्या पाण्याच्या पाळ्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे जुगार खेळतात आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, बाया गाणी म्हणतात आणि माणसं कवड्या नाहीतर पत्ते घेऊन ओट्यावर बसतात. एरवी पत्त्याला हात लावला तर माझा बाप फोडून काढायचा. त्या दिवशी तोच पानं वाटायला बसायचा.

आमच्या घरात मात्र पैसा लावत नाहीत. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांत विहीर एक. एक दिवस त्याच्या केळीला पाणी, एक दिवस माझ्या. आमच्या आज्याने सांगून ठेवलं होतं की खेळायचंच असेल तर पाण्याची पाळी लावा. एक चिंचोका म्हणजे एक पाळी. हरलात तर तुमच्या दिवशी मोटर दुसऱ्याच्या बागेकडे. हरलेली पाळी परत मागायची नाही आणि जिंकणाऱ्याने ती परत द्यायची नाही. दिली तर घेणाऱ्याचा अपमान. सहसा एखादी पाळी इकडची तिकडे व्हायची, वर्षभर चिडवायला तेवढी पुरायची.

मागच्या आखाजीला चुलतभावाचा जावई आला. धुळ्याला देवपुरात राहतो, शिकलेला माणूस, बोलायला गोड. मोबाईलवर फाशांचा कसला तरी परदेशी खेळ खेळायचा, त्याला त्याचं फार वेड. येताना खिशात दोन लाल फासे घेऊन आला. ओट्यावर खडूने रेघ मारली, चौकोन काढले, त्यात आकडे लिहिले.

"आबा, बसता का? पण याला जरा डोकं लागतं," तो म्हणाला.

मी चौथीत शाळा सोडली, म्हणून काय झालं? विहिरीचा पहिला दगड मी फोडलेला आहे. मी त्याला सरकायला सांगितलं आणि बसलो.

"दोन्ही फाशांची बेरीज धरायची," जावई सांगायला लागला. "चिंचोका रेघेवर ठेवायचा. पहिल्या फेकीला सात नाहीतर अकरा आले तर तुम्ही जिंकलात. दोन, तीन, बारा आले तर गेला. दुसरं काही आलं तर तो आकडा बांधला. मग फेकत राहायचं. बांधलेला आकडा आधी आला तर तुमचं, सात आधी आला तर गेलं."

"म्हणजे सात आधी चांगला, मग वाईट," मी म्हणालो.

"बरोबर."

"तुमच्यासारखाच भाऊ," चुलतभाऊ जावयासमोर मला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. तोवर भीती काही नव्हती.

मी एक चिंचोका रेघेवर ठेवला. समोर चुलतभाऊ, एकास एक. फासे माझ्या हातात. तीन आणि एक पडले. चार बांधला.

"चार जरा अवघड आहे," जावई म्हणाला. "चाराला तीन वाटा, साताला सहा."

हे त्याने आता सांगितलं. कवड्यांच्या डावात कवड्या हातात असेपर्यंत कोणीही आपला चिंचोका उचलू शकतो. जन्मभर तेच पाहिलेलं. मी हात पुढे केला.

"नाही आबा, रेघेवरचा आता उचलता येत नाही. आकडा बांधल्यावर तो अडकला."

माझा हात तसाच हवेत राहिला. चुलतभाऊ मिशीत हसत होता. "घाबरला का भाऊ? पाणी प्या जरा, माह्या पाळीचं."

तिथे उठलो असतो तर बरं झालं असतं असं कोणी म्हणेल. मी उठणारा माणूस नाही. मी विचारलं, "डाव चालू असताना आणखी लावता येतं का?"

"येतं की, तीन-चार तऱ्हेने." जावई खुलला. "रेघेमागे जोड लावा, म्हणजे चारावरच आणखी. नाहीतर या 'ये'च्या चौकोनात नवा लावा. पुढची फेक त्याची पहिली फेक. जो आकडा येईल तो त्याला बांधला जाईल. नाहीतर सरळ एखाद्या आकड्यावर ठेवा, तो साताआधी आला की जिंकलात."

मी जोड लावली. दुसरा 'ये'मध्ये ठेवला. फेकले, सहा आला. माझा चिंचोका सरकत जाऊन सहावर बसला. लगेच एक आठवर ठेवला, सहाच्या शेजारी मोकळा दिसत होता म्हणून. फेकले, नऊ. काहीच झालं नाही.

मग मी ओट्याकडे पाहिलं. माझे चार चिंचोके चार ठिकाणी बसलेले होते, आणि एक सात आला असता तर चारही एकदम गेले असते. चार पाळ्या. म्हणजे आठवड्याच्या वर माझ्या बागेला थेंब नाही. वैशाखाचं ऊन, घड झाडावर लटकलेले. या दिवसांत केळीचं पाणी तुटलं की खोड मधूनच मोडतं, माणूस गुडघ्यात मोडावा तसं. ते मोडताना आवाज येतो. मी तो ऐकलेला आहे.

फासे हातात घामाने ओले झाले. फेकायचे मलाच होते. माझ्याच हातून सात पडणार, हे मला दिसायला लागलं. मी उगाच फासे खुळखुळवत बसलो.

"फेका ना भाऊ, का उबवता?" चुलतभाऊ म्हणाला.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. मुलगा नाशिकला कंपनीत आहे, बाग तीच बघते. ती धुळ्याकडच्या खेड्यातली, अजून तिकडचंच बोलते. तिने ट्रे खाली ठेवला आणि खडूच्या चौकोनांकडे पाहिलं.

"आबा, ह्या चिंचोका आपला शेतस का?"

मी मान डोलावली. जावयाने तिला सगळं समजावलं, मला सांगितलं होतं त्याहून बरं.

"सात उना तं बठ्ठा जाई?"

"हो वहिनी."

तिचा हात पदरावर गेला. आवाज चढला नाही. "मधमाच काय उचलता येस?"

हे मी विचारायला हवं होतं. मी फक्त आणखी काय लावता येतं ते विचारलं होतं.

"रेघेवरचा नाही," जावई म्हणाला. "'ये'मधून सहावर गेलेला तोही नाही, तो बांधला गेला. मागची जोड उचलता येते. आठवरचाही, कधीही."

"मंग उचली ल्या आबा."

सगळ्या भाऊबंदांसमोर, सुनेच्या सांगण्यावरून. झोक्यावरच्या बायाही गाणं थांबवून पाहत होत्या. माझे कान तापले. चुलतभाऊ म्हणाला, "आता सुनेले इचारून खेळा लागन का भाऊ?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर सहावरच्या चिंचोक्यावर होती, सापावर असावी तशी. मी जोड उचलली. मग आठवरचा उचलला. दोन्ही तिच्या हातात दिले आणि फेकले.

आठ आला.

ओट्यावर हशा झाला. चुलतभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला, "गेली पाळी हातची." मी पुन्हा फेकले. पाच. पुन्हा फेकले आणि फासे आपटायच्या आधीच मला कळलं. चार आणि तीन. सात.

दोन पाळ्या गेल्या. पाच दिवस बाग कोरडी राहणार होती.

ते दिवस मी घरात बसलो नाही. पहाटे बागेत जायचो तर सून आधीच तिथे. तिने खालची पानं कापून झाडांच्या बुंध्यांशी अंथरली, मुळाशी फुटलेली, पाणी पिणारी पिलं छाटली, उन्हाकडच्या घडांना सुक्या पानांनी बांधलं. मी दोऱ्या ताणून झाडं एकमेकांना जखडली. दुपारी पानं दोन्ही बाजूंनी मिटून खाली लोंबायची. शेजारी माझ्याच दिवशी माझीच मोटर चालायची आणि पाणी चुलतभावाकडे वाहायचं. सून एकदाच चुलतभावाच्या बागेकडे पाहत म्हणाली, "काकासले सांगू का?" मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

पाळी आमची यायच्या आदल्या संध्याकाळी वावटळ उठली. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. आतून पहिला आवाज आला, कट्ट. मग थोडं थांबून दुसरा. सुनेने माझं मनगट धरलं. कधी धरलं नव्हतं तिने. कुठलं झाड पडलं ते बांधावरून दिसत नव्हतं, नुसते आवाज मोजायचे, आणि मी मोजले नाहीत.

सकाळी लाईट नव्हती. ऊन चढत गेलं, स्टार्टरचा दिवा काही लागेना. सून दिव्यासमोर उकिडवी बसून राहिली. मी विहिरीत वाकून पाहत होतो. पाणी होतं, खाली, शांत. दिवा लागला तेव्हा तिनेच बटण दाबलं. नळ्यांतून आधी हवा सुसकारली, मग पाणी आलं.

काही झाडं आडवी झाली होती, घडांसकट. बाकीची राहिली. ती एका बुंध्याशी नळी सरळ करत म्हणाली, "दोन उचलात म्हनीसन वाचनी बाग." मी नुसता हुंकार भरला.

यंदाच्या आखाजीला जावई पुन्हा आला, फासे घेऊन. चुलतभावाने सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, बसता का भेता?" मी बसलो. जावयाने रेघ मारली तेव्हा मी म्हणालो, "पाव्हणे, आधी सांगा. डाव चालू असताना काय काय उचलता येतं?" तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. सून स्वयंपाकघरातून पाट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. चिंचोक्यांची पिशवी तिच्या मांडीवर होती. मी हात पुढे केला. तिने त्यातून एक चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं.