स्कूटीचा कासरा

नोव्हेंबर २००५. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. सकाळीच मी बैठकीतला कापूस दारापासून मागे लोटत होते. भाव नव्हता म्हणून तो विकला नव्हता आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो बैठकीत होता. त्या वर्षांत आर्णीच्या आसपास अर्ध्या घरांत हेच होतं. पाहुण्याला बसवायचं कुठं, आणि बसवलाच तर तो अंग खाजवत उठायचा. म्हणून आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवलं होतं की या सुट्टीत कुणी कुणाच्या घरी राहायला यायचं नाही. यवतमाळात भेटायचं, दिवसभर शहर पाहायचं आणि एकही काम करायचं नाही.

आम्ही तिघी यवतमाळच्या शाळेत एका वर्गात होतो. दोघी होस्टेलवर राहायचो, तिसरी तिथलीच. पुढे मी आर्णीला आले, दुसरी केळापूरकडे शेतकऱ्याच्या घरात गेली आणि तिसरीचं लग्न गावातल्याच गॅरेजवाल्याशी झालं. आदल्या दिवशी तिची ईद झाली होती. एसटी स्टँडवर ती नव्या कपड्यांत, नवऱ्याच्या गॅरेजमधली एक स्कूटी घेऊन उभी होती.

"आज मी तुमची गाइड," ती म्हणाली. "बसा मागं. दोघीबी."

एका स्कूटीवर तिघी बसून आम्ही आमचं होस्टेल पाहिलं. त्याला पिवळा रंग दिला होता आणि तो त्याला शोभत नव्हता. दत्त चौकातून दोनदा फिरलो, कारण पहिल्यांदा बोलण्यात लक्ष राहिलं नाही. मग आझाद मैदानाशी उसाचा रस घ्यायला थांबलो. केळापूरचीचा ग्लास तसाच भरलेला होता. मी कारण विचारलं.

"मले उद्यापासून नोकरी लागली," ती म्हणाली. "पण लागायच्या आधीच सुटून राह्यली."

एका संस्थेनं तिला पाच गावांतल्या बचत गटांचं काम दिलं होतं. त्या गावांना एसटी दिवसातून एकदा जायची, तीही मनात आलं तर. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याची स्कूटी घरात उभी होती. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी चालवता येत असेल तर जा, नसेल तर सोमवारी फोन करून नाही म्हणून सांग. तिनं अंगणात दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा गोठ्याच्या कुडात शिरली होती.

"गावातले पोरं तर तिकीट काढल्यासारखे पाहाले येतेत," ती म्हणाली.

"इथं तुले कोण वळखते?" गॅरेजवाली म्हणाली. "चल, बस गाडीवर. शहर काही पळून नाही चाललं."

मैदानावर केळापूरचीनं गाडी सुरू केली. सुरुवात चांगली झाली. थांबायची वेळ आली तेव्हा ती "हो! हो!" असं ओरडली आणि गाडी आणखी जोरात सुटली. ती जितकी ओरडे तितकी गाडी पळे. शेवटी शेंगदाणेवाल्याच्या पोत्यांवर जाऊन आडवी झाली.

"ओ बाई, शेंगदाणे पाह्यजे तर मांगा! गाडी काहून घालता?" तो म्हणाला.

कोपर खरचटलं होतं, गाडीला काही झालं नव्हतं. आणखी दोनदा तेच झालं. मग ती किल्ली परत देत म्हणाली, "राहू दे वं. उद्या फोन करून सांगतो नाही म्हणून."

दुपारी गॅरेजवालीकडे जेवायला गेलो. आदल्या दिवशीचा शीरखुर्मा उरला होता. मी दुसरी वाटी घेतली आणि केळापूरचीकडे पाहिलं. ती अजून दोन्ही मुठी छातीशी ओढून, काय झालं ते सांगत होती.

"थांब," मी म्हटलं. "तू हँडल मागं ओढते काहून?"

"मंग थांबवू कशी?"

तेव्हा मला कळलं. लग्नानंतर वीसेक वर्षं ती शेतात बैलबंडी हाकत आली होती. बैल थांबवायचे तर कासरा मागे ओढायचा. स्कूटीची मूठ मागे पिळली की गाडी पळते. ती दर वेळी अगदी बरोबर थांबवत होती, फक्त बैलांना.

"कासरा विसर," मी म्हटलं. "घरी शेळ्या आहेत ना? दूध काढते तशी ब्रेकवर बोटं आवळ. दोन्ही हातांनी. ओढायचं नाही, आवळायचं."

"अल्ला," गॅरेजवाली म्हणाली, "आता गाडीतून दूध निघणार."

संध्याकाळी निळोणा धरण पाहायचं होतंच. त्या रस्त्यावर रहदारी कमी. तिथं केळापूरची गाडीवर एकटी बसली. पहिल्या वेळी तिनं बोटं आवळली आणि गाडी जागच्या जागी थांबली. ती खाली उतरली, गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा बसली. त्यानंतर धरण आम्ही दोघींनीच पाहिलं. ती रस्त्यावर जात होती, येत होती, थांबत होती, निघत होती.

परतताना तिनं किल्ली दिली नाही. आम्हाला ऑटो करावा लागला. दत्त चौकात पोलिसानं हात दाखवला आणि ती त्याच्या समोर अशी थांबली की तोच एक पाऊल मागे सरकला. आम्ही ऑटोतून टाळ्या वाजवल्या.

"कोण लागते ती तुमची?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"ड्रायव्हर," गॅरेजवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी केळापूरला फोन लावला. नवऱ्यानं उचलला.

"ती केव्हाचीच गेली," तो म्हणाला.

"कशी गेली?"

"कशी म्हंजे? गाडीवर. मलेबी फाट्यापर्यंत नेलं तिनं, आत्ताच पायी वापस आलो. लय जोरात चालवते वो."

मी फोन ठेवला, यवतमाळचा नंबर फिरवला आणि त्याचं शेवटचं वाक्य गॅरेजवालीला ऐकवलं. तिनं ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मी म्हटलं.