न तोडलेल्या शेवळ्याचा अर्ज

परवा आमचा गोविंदा साखरशेत गावच्या बांधावर नाचला... तेही घाण वास आला म्हणून! सगळ्या पाड्याने पाहिलं, तेव्हा सांगायला हरकत नाही. मी सांगते आहे, नात लिहिते आहे. ती मधेमधे हसते, तिकडे लक्ष देऊ नका.

गोविंदा माझा थोरला नातू. जव्हारच्या शाळेत शिकला, मग मुंबईच्या कॉलेजात जाऊन झाडापानांची एम.एस्सी. झाला. आता म्हणे त्याला डॉक्टर व्हायचंय... पण औषध देणारा नव्हे. एकाच झाडाच्या मागे वर्षानुवर्षं लागायचं आणि शेवटी लोकांनी डॉक्टर म्हणायचं, असली ती पदवी.

त्याच्या बापाला हे काही पटेना. जव्हारच्या राजाच्या दरबारात कारकुनाची जागा निघाली होती, ती त्याच्या डोळ्यांत भरलेली. "यंदा मुंबईला घेतलं नाही, तर मुकाट्याने दरबारात चिकटायचं," असं बापलेकांत ठरलं.

मुंबईच्या प्रोफेसरांकडे जागा एकच, आणि मागणारे पुष्कळ. अर्जाबरोबर आपल्या मुलखातलं एक झाड द्यायचं होतं... मुळासकट उपटून, कागदात दाबून, वाळवून. आमच्या शहाण्याने निवडलं काय, तर शेवळं!

शेवळं तुम्हाला ठाऊकच आहे. जमिनीतून भाल्यासारखं वर येतं, भाजी झकास होते, काकडाची आंबट फळं घालायला विसरलात तर घसा खाजून जीव जातो. पण पावसाळ्यातली कोवळी भाजी आमच्याकडे आधी देवाची. भगत तिची पूजा करतो, त्या पूजेलाच आम्ही कवळी भाजी म्हणतो. तोवर खाणं सोडाच, तोडायचीही नाही.

मुंबईचं पाणी प्यालेलं पोर हे साफ विसरलं. खुरपं घेऊन बांधावर बसलं, तोच शेजारची चंद्री कडाडली, "ए शिकल्या, हात मागं घे! देवाच्या आधी तुझ्या मास्तराला नैवेद्य होय रे?"

बरं, पूजा लवकर उरकावी तर भगत गावात नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी बायकोला पोचवायला मोखाड्याला गेला आणि तिथेच रमला. निरोप धाडला, तर उलटा निरोप आला... नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय हलत नाही.

इकडे अर्जाची मुदत दारात येऊन उभी. गोविंदा डोक्याला हात लावून ओट्यावर, आणि त्याच्या बापाने तेवढ्यात कारकुनीची टोपी झटकून खुंटीला लावलीसुद्धा. मला तर ती टोपी बघूनच राग आला.

म्हटलं, "रीत हाताला आहे, डोळ्याला नाही. उपटता येत नाही तर बसून चित्र काढ."

"आजी, प्रोफेसरांनी झाड मागितलंय, चित्र नाही."

"मग जा दरबारात. तिथे तर झाडही नाही!"

तो उठला... रागाने उठला, पण उठला. बांधावर शेवळ्याच्या समोर मांडी घातली आणि मी माझं इरलं त्याच्या कागदावर धरलं. कागद कोरडा राहिला, म्हातारी भिजली. चंद्री येता-जाता विचारायची, "काय रे, नवरीला दाखवायला चित्र काढतोस का त्याचं?" तो जीभ दातांत धरून रेघा ओढायचा.

आमच्याकडे शेवळं मिटलेलं असतानाच चुलीवर जातं. उमललेल्याकडे बघतो कोण! हे मात्र देवाचं म्हणून राहिलं, आणि परवा सकाळी उमललं. आतून जांभळं, आणि वास... मेलेली घूस बरी. चंद्रीने पदर नाकाला लावून घर गाठलं. माश्या आल्या, कसलेकसले किडे आले.

आणि हा बाबा उठून नाचायला लागला! "आजी, वास आला! किडे आत शिरले, आजी!" मी म्हटलं, ओरडून सांगू नकोस, लोकांना वाटेल घरात कोणी मेलंय. मग त्याने किडेसुद्धा कागदावर काढले, एकेकाचा पाय न् पाय. मी इरलं धरलं एका हाताने, नाक दुसऱ्या हाताने.

त्याच दिवशी अर्ज आणि चित्रं छातीशी बांधून तो निघाला. मला घास उतरेना. मीच त्याला चित्राच्या नादी लावलेलं... हात हलवत परत आला तर ती टोपी मलाच रोज बघावी लागणार.

आज दुपारी आला. लांबूनच चालणं बघितलं आणि कळलं... कारकून असा चालत नाही. प्रोफेसरांनी म्हणे चित्रं उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "दाबून वाळवलेली शेवळी माझ्या कपाटात पुष्कळ आहेत, सगळी काळी पडलेली. हे किडे कोणी दाखवले नव्हते. पण कंद कुठंय?"

आमचा म्हणाला, "देवाची परवानगी मिळाली की आणतो, सर." प्रोफेसर खूप हसले, आणि जागा त्याला दिली!

त्याच्या बापाने खुंटीवरची टोपी उतरवली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. बरी दिसते.

मी विचारलं, "इतकी वर्षं शिकणार काय, ते तरी सांग." म्हणाला, "शेवळ्याला असा वास का येतो, आणि किड्यांना तो का आवडतो."

अख्खा जन्म नाक धरून तिथून गेले हो मी. का, म्हणून विचारावं असं एकदाही सुचलं नाही. आता उत्तर यायला वर्षं लागणार, आणि यमाला माझा पत्ता कधीचा माहीत... पण ऐकल्याशिवाय जायचं नाही, असं आज ठरवून टाकलं.