बिरदेवची न मोजलेली मेंढरं

चारठाण्याच्या माळावरच्या बिरदेवनं कातर हातात घेतली की मेंढरू गपगार डोळे मिटून घेतं. न्यूझीलंडच्या एका फार्मला असाच माणूस हवा होता. आठ महिन्यांचं काम, कामाचा व्हिसा, राहायला खोली. परभणीच्या एजंटाकडची राजनंदिनी दुभाषी. तिनं मोबाइलवर दोन मुलाखती लावून दिल्या आणि दोन्हींत बिरदेव एकाच प्रश्नाला गप्प बसला: तुमच्याकडं मेंढरं किती?

म्हणून आज ती सकाळीच माळावर आली होती.

"दादा, ही शेवटची मुलाखत. आकडा सांगा अन् मोकळे व्हा."

"ताई, आमच्यात मोजत न्हाईत. मोजली की कमी होत्यात."

"मग खोटा सांगा!"

"खोटा सांगायला खरा म्हाईत लागतो की!"

बिरदेवची बायको दैवशाला मधेच म्हणाली, "तिकडं लांडगा हाय का, ताई?"

"नाही."

"मग ह्यांचं काय काम तिकडं?"

तेवढ्यात फोन लागला. हॅट घातलेल्या फार्मच्या मालकीणबाई दिसल्या. पहिला प्रश्न तोच. राजनंदिनीनं कपाळाला हात लावला.

"बाईंला म्हणावं, मी मोजत न्हाई. तुमी मोजा."

त्यानं मोबाइल दैवशालाच्या हातात दिला आणि मेंढरांभोवतीच्या जाळीचं एक टोक उचललं. एकेक मेंढरू बाहेर पडायला लागलं.

"कानफाटी... भुंडी... ही म्हातारी... ही हिची लेक..."

पलीकडं बाईंचे ओठ हलत होते. जाळी रिकामी झाली.

"लंगडी न्हाई आली," बिरदेव म्हणाला.

लंगडी पाण्याच्या टाकीमागं निवांत बसली होती. ती उठून आली, बाईंनी एक वाढवला आणि आकडा सांगायला तोंड उघडलं.

"मला सांगू नका!" बिरदेवनं दोन्ही कान झाकले. दैवशालाच्या हातात मोबाइल, तिला एकच झाकता आला.

बाई पोटभर हसल्या. राजनंदिनी जवळजवळ ओरडलीच, "घेतलं दादा! कामावर घेतलं तुम्हाला!"

"थांबा. त्यांची मेंढरं दाखवा म्हणावं."

बाईंनी फोन फिरवला. अख्खी टेकडी पांढरी.

"आगं बया!" दैवशाला म्हणाली.

"नावं काय ह्यांची?" बिरदेवनं विचारलं.

राजनंदिनीनं विचारून सांगितलं, "नावं नसतात. कानात नंबर असतो."

"समद्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

बिरदेवनं मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "म्हणावं, तोंडांचे फोटो धाडा. जवळून."

पंधरा दिवसांत कामाचं पत्र आलं. व्हिसाचे कागद गेलेत, उत्तर यायचंय. फोटो मात्र आलेत, चाळीस. चहा झाला की दोघं मोबाइल घेऊन बसतात.

"ही रुसकी दिसायलीय."

"रुसकीच. पुढची बघ."

आणि बिरदेव मेंढराच्या कानावर अंगठा ठेवून, नंबर झाकून, तोंड मोठं करून बघतो.