चढ्या आवाजाचे गुण

आमच्या मानसशास्त्राच्या बाईंसमोर कुणी ऐटीत निष्कर्ष मांडला की त्या एवढंच विचारायच्या, "खरं, मोजलंस काय?" संशोधनात जो घटक बदलतो आणि मोजता येतो, त्याला 'चल' म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडी इतका असायचा की आम्ही त्यांचं नावच चलबाई ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. वर्गात शिरताना त्याच म्हणायच्या, "चला, चलबाई आली!"

जड शब्द फळ्यावर लिहून त्या लगेच कोल्हापुरीत उतरवायच्या. "दुसऱ्यानं हलवल्यावर हलतो त्यो परतंत्र चल. दुसऱ्याला हलवतो त्यो स्वतंत्र." विश्वसनीयता आणि यथार्थता यांत आमचा हमखास गोंधळ व्हायचा. "काटा रोज तेच वजन दावतोय, म्हणजे विश्वसनीय हाय. पर रोज तेच खोटं दावत असंल की! खरं दावतोय का, ती यथार्थता." आनंद हसण्यावरून मोजू, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "मग फोटो स्टुडिओ सगळ्यात सुखी ठरंल बघ."

हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत आजऱ्याची रुक्साना होती. वडील काजूच्या कारखान्यात कामाला. ती खोलीत हसली की खालच्या मेसमधल्या मावशी वर बघायच्या. त्या वर्षी विभागप्रमुखांनी बाहेरून एक तयार आक्रमकता चाचणी आणली आणि हॉस्टेलच्या सगळ्या मुलींकडून भरून घेतली. रुक्सानाला सर्वांत जास्त गुण पडले. इतर मुलींच्या सुरक्षिततेसाठी तिनं खोली सोडावी, असं तिला सांगण्यात आलं. खोली गेली असती तर घरच्यांनी तिला परत नेलं असतं आणि शिक्षण तिथंच संपलं असतं. त्या दिवशी रुक्साना कुजबुजत बोलत होती. तिचा तो बारीक आवाज ऐकून मलाच रडू आलं.

आम्ही दोघी चाचणीचा कागद घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलंच विधान मोठ्यानं वाचलं, "'बोलताना माझा आवाज चढतो.'" पुढचं वाचलं, "'मनात आलेलं मी तोंडावर बोलते.'" मग चष्मा काढला. "माझी आई जेवाय हाक मारती, ती काय दंगल हाय व्हय? ह्यांनी राग न्हाय मोजला गं. कोल्हापूर मोजलं!" आणि आम्हा दोघींना घेऊन त्या तडक प्रमुखांच्या केबिनमध्ये शिरल्या.

सर आधी समजावणीच्या सुरात होते. "बाई, चाचणी दोनदा घेतली. दोन्ही वेळा तेच गुण आले."

"काटा रोज तेच खोटं दावतोय, सर."

"तुम्ही तासिका तत्त्वावर आहात!" सरांनी टेबलावर हात आपटला. "हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?" त्यांचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला असेल.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आवाज चढवू नका, सर. गुण वाढतील."

रुक्साना फस्सकन हसली. मग तिला आवरेना, मलाही आवरेना. शिपाई दारातून डोकावला. त्या हसण्यानं सगळं बिघडणार असं मला वाटलं होतं, पण सरांनी चाचणी ड्रॉवरमध्ये टाकली ती टाकलीच. खोली राहिली.

पुढच्या वर्षी मात्र बाईंना तास मिळाले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. आपली पुस्तकं न्यायला त्या आल्या तेव्हा मी गेटपर्यंत गेले. न राहवून म्हटलं, "बाई, तुम्ही गप्प बसला असता तर..."

"तर परतंत्र चल झालो असतो," त्यांनी स्कूटीला किक मारली. इकडच्या बायका बोलतात तसंच त्या बोलायच्या, झालो, आलो, गेलो. "मी स्वतंत्र हाय. येतो गं!"

रुक्साना आता आजऱ्याच्या शाळेत शिकवते आणि तिचा वर्ग रस्त्यावरून ऐकू येतो. मी समुपदेशन करते. कुणी तयार चाचणी आणून दिली की आधी तिची विधानं मोठ्यानं वाचते. बाईंना परत बोलावलं नाही, याचा राग माझ्या मनात अजून ताजा आहे. तो मी चढ्या आवाजातच सांगते. कुणाला गुण द्यायचे असतील त्यांनी खुशाल द्यावेत.