गायकवाड सरांचे शोधशब्द

गायकवाड सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होते. फोन मालतीताईंचा, त्यांच्या पत्नीचा होता. ‘पहाटे गेले. येरवड्याला घरी आणलंय,’ एवढंच म्हणाल्या. मी ताट बाजूला सारलं आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता माझ्याकडे कुणी तसं बघणार नाही. हे लिहायला लाज वाटते. पण सरांवर लिहायचं आणि हे लपवायचं, असं जमणार नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला...

मी अकोल्याहून इंजिनिअर होऊन पुण्यात आले ती सगळ्यांसारखीच, आयटीतल्या नोकरीसाठी. आमच्या कंपनीला एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळाचं काम मिळालं आणि मला तिथं बसवलं. सर तिथले ग्रंथपाल, तेही कंत्राटावर. ग्रंथालयात कुणी फिरकत नाही म्हणून साहेबांनी त्यांना चौकशीच्या खिडकीवरही बसवलं होतं. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानामागे एक वर्णन आणि काही शोधशब्द भरायचे असतात. मेटाडेटा म्हणतात त्याला. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, पण शोधाच्या चौकटीत कुणी काही टाइप केलं की पान सापडतं ते त्याच्यावरून. मी पानाचं सरकारी शीर्षकच तिथं चिकटवून मोकळी व्हायचे. सर मात्र खिडकीवर आलेली माणसं काय शब्दांत विचारतात ते वहीत टिपायचे आणि संध्याकाळी वही माझ्यापुढे ठेवायचे.

‘मॅडम, आपण लिहिलंय ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र. आज लोणी काळभोरचे एक आजोबा आले होते. म्हणाले, हाफ तिकिटाचं कार्ड हितंच मिळतं का? तेही घाला.’

‘असं कोण टाइप करणार, सर?’

‘त्यांचा नातू. आणि तो आजोबांना विचारूनच करणार, आपल्याला विचारून नाही.’

दोन वर्षं त्यांनी मला असं छळलं. मला ते आवडायचे, आणि त्यांचा कंटाळाही यायचा. मग त्यांचं कंत्राट संपलं, पुढचं मिळालं नाही, आणि नव्या पानांमागचे रकाने मी रिकामे सोडू लागले. पडद्यावर तर दिसत नाहीत, सवडीनं भरू म्हटलं. एकही तक्रार आली नाही. येणार कशी? ज्याला पान सापडत नाही तो असं काही नसेलच समजून गप्प बसतो.

मालतीताईही तसंच समजल्या. सरांच्या दोन्ही किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. मुलानं आमच्याच संकेतस्थळावर डायलिसिस शोधलं, किडनी शोधलं. काही आलं नाही. पान होतं. ‘मूत्रपिंड विकारग्रस्त रुग्णांकरिता अर्थसाहाय्य’ असं त्याचं नाव होतं आणि मीच ते चढवलं होतं. आठवड्याला तीनदा डॉक्टरांनी सांगितलेलं डायलिसिस घरच्यांनी दोनदावर आणलं, कारण परवडत नव्हतं. चार महिन्यांनी वॉर्डातल्या एका नर्सनं योजनेचं सांगितलं, तोवर अर्जाची मुदत टळून गेली होती.

मला हे कळलं तेव्हा मी कबुली द्यायला म्हणून दवाखान्यात गेले. सर मशीनला जोडलेले, ओळखू येणार नाहीत इतके उतरलेले. ‘सर, ते पान...’ मी सुरुवात केली.

‘पाहिलं मी. मुलाला पानामागचा सोर्स कोड उघडायला लावला. शोधशब्द रिकामे,’ सर म्हणाले. मग विचारलं, ‘आपलंच काम ना?’

‘हो.’

ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. माफ केलं असं तेव्हा म्हणाले नाहीत, नंतरही नाही. मीही तसं धरून चालत नाही. मग म्हणाले, ‘पेन आहे का? घ्या लिहून.’ वॉर्डातल्या एकेकाला विचारून त्यांनी शब्द जमवून ठेवले होते. किडनी फेल. किडनीच्या पेशंटला मदत. शेजारच्या पलंगावरचे कात्रजचे गृहस्थ म्हणायचे, रक्त धुवायचं मशीन. मी खाली मान घालून लिहीत राहिले. शेवटी त्यांनी मालतीताईंकडे बघितलं. ‘आणि हिचं घ्या. हिनं मुलाला हेच शोधायला सांगितलं होतं. उशिरा अर्ज केला तर चालतो का.’ मालतीताई त्यांच्यासाठी भात कालवत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी सगळं भरलं. त्यानंतर सर तीन आठवडे होते. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले तेव्हा मालतीताईंनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. मी जेवले.

रोज ऑफिसात आल्यावर मी आधी शोधाच्या चौकटीत तेच वाक्य टाइप करते, उशिरा अर्ज केला तर चालतो का. ते पान आता सगळ्यात वर येतं. त्यावर अटी आहेत, आणि शेवटची अट अशी आहे : मुदतीनंतर प्राप्त झालेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत.