मुहूर्ताचं सिंगलेट

“सायेब, मुहूर्ताचा पीस कुनी उचलला?” मंगलताईंनी देव्हाऱ्यापासून हाक मारली, तेव्हा आमचा माल विमानात चढला होता.

नव्वदच्या दशकात मी कामणजवळच्या एका गारमेंट युनिटमध्ये क्वालिटी तपासायचो. ऑर्डर मॉरिशसची होती. बेट फुटबॉलवेडं, पण त्या वर्षी तिथे कौतुक चाललं होतं मुलींच्या रिले टीमचं. तिच्यासाठी सिंगलेट्स, म्हणजे धावपटूंची बिनबाह्यांची बनियनं. पांढऱ्यावर चार रंगांचे पट्टे.

आमच्याकडे पहिल्या पीसला कुंकू लावायची पद्धत. तो देवापाशी राहायचा, बाकीचा माल जायचा. हे काम जूचंद्रच्या मंगलताईंचं. त्या आमच्या लाइन सुपरवायझर.

पॅकिंगच्या पास्कलला बोलावलं.

“एक पीस कमी भरत होता, सर. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. देवाकडचा घेतला.”

“कुंकू दिसलं नाही?”

“घडी घातलेली ना त्याची!”

रिलेत चौघींचे कपडे सारखेच लागतात. एकीचा वेगळा दिसला की पंच हरकत घेतात, टीम बादही करतात. आणि दुसरा पीस पाठवायला वेळ नव्हता.

शेठ एवढंच म्हणाले, “त्या बाद, तर तुम्हीपण बाद.”

फॅक्स केला. उत्तर नाही. पुन्हा केला. मी मशीनभोवती घिरट्या घालत राहिलो. कागद सरकल्याचा भास व्हायचा आणि मी धावायचो. डबा भरलेलाच घरी जायचा. बायको म्हणाली, “त्या फॅक्सशीच लग्न करायचं होतं.”

शेवटी फोन आला. टीमच्या मॅनेजरबाई.

“वो लाल निशान क्या है?”

मी ‘पूजा’, ‘शुभ’ असं काहीतरी पुटपुटलो.

“बहुत धोया, नहीं निकला. फिर बाकी तीनों ने उसी जगह लिपस्टिक लगाई.”

“और पंच?”

“उनको लगा, डिझाइन है. ब्राँझ मिला!”

मी खुर्चीत बसलो आणि डबा उघडला. भाजी आंबली होती, तरी खाल्ली.

पुढची ऑर्डर आली ती प्रत्येक सिंगलेटवर लाल ठिपका छापायच्या सूचनेसकट. मंगलताईंनी पेढे वाटले. पास्कलने तर दोन घेतले. मी मात्र एकेक ठिपका जागेवर आहे ना, ते तपासत बसलो.

एका पीसवर असला तर डाग, सगळ्यांवर असला तर डिझाइन. क्वालिटीच्या धंद्यात मी एवढंच शिकलो. तरी निवृत्त होईपर्यंत मुहूर्ताचा पीस माझ्या कपाटात, कुलपात असायचा.