त्याने मटण का खाल्लं नाही

बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये, लोखंडी खांबाला मेंढपाळ बांधलेला होता आणि बागेच्या मालकाचा भाऊ मटणाचा तुकडा त्याच्या ओठांवर दाबत होता. "तुजाच बोकड हाय न्हवं? मग खा की." मेंढपाळाने दात आवळून मान फिरवली. भावाने काठी उचलली. फटका डाव्या डोळ्यावर बसला. जमलेली पन्नास-साठ माणसं म्हणाली, बघा, खात नाही, म्हणजे विष यानेच घातलं. मी पुढेच उभी होते. मलाही तेच वाटलं.

ती दुपार मी विसरलेले नाही, आणि त्या दुपारची माझी अक्कलही विसरलेले नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावची मी पोलीस पाटील होते. शिक्षण सातवीपर्यंत. आधी नवरा पोलीस पाटील होता, तो गेल्यावर मी अर्ज केला आणि नेमणूक झाली. पोलीस पाटलाला गणवेश नाही, बंदूक नाही. काही घडलं की ठाण्याला कळवायचं, साहेब येईपर्यंत जागा राखायची आणि तोवर कोणाला मरू द्यायचं नाही. नावं मी कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून गावात आहेत.

घडलं ते असं. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी उरकली की मालक मजुरांच्या टोळीला मटणाचं जेवण देतो. त्या रविवारी दुपारी पंगत बसली. बायका-पोरं घराच्या ओट्यावर, पुरुष बाटल्या घेऊन चिंचेखाली. अर्ध्या तासात तीन गड्यांची तोंडं लालबुंद झाली. छाती धडधडते, दम लागतो म्हणाले, एकाला उलटी झाली, आणि तिघेही आडवे झाले. मालक त्यांना गाडीत घालून सांगलीच्या दवाखान्याकडे निघाला. शेजारची बाई धावत माझ्याकडे आली. "आक्का, बोकडात इख हुतं. मेंढक्यानं घातलंय."

मी विचारलं, कोणी पाहिलं? ती म्हणाली, समदीच म्हणत्यात.

संशयाला कारण होतं. आठ दिवसांपूर्वी त्याची मेंढरं बागेत शिरली होती. मालकाच्या भावाने त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती, आणि भरपाई म्हणून एक बोकड घेतला होता. तोच बोकड कापला होता. अपमान झालेला माणूस, त्याचंच जनावर आणि तीन माणसं आडवी. हे इतकं जुळत होतं की आणखी काही विचारावंसं कोणाला वाटलंच नाही. कोणीतरी मोबाईलवर टाकलं, आणि शेजारच्या गावची पोरंही मोटारसायकली घेऊन आली. ज्यांनी मेंढपाळाला कधी पाहिलंही नव्हतं, तीच जास्त चिडलेली.

मी ठाण्याला फोन केला. जीप बंदोबस्ताला गेली होती, यायला पाऊण तास लागणार होता. मी शेडकडे गेले तेव्हा तो बांधलेला होता आणि दोरीचं टोक माझ्या पुतण्याच्या हातात होतं. सोड म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तो मटणाचा प्रकार झाला आणि मीही गप्प झाले. जो माणूस आपल्याच बोकडाचं मटण खायला नको म्हणतो, त्याच्या बाजूने काय बोलायचं?

भावाने दुसऱ्यांदा काठी उगारली आणि ती त्याच्या हातातून पडली. त्याचं तोंड तांबडंलाल झालं होतं. छातीला हात लावून तो खाली बसला आणि तिथेच कलंडला.

"मंतर टाकला रं ह्यानं," मागून कोणीतरी म्हणालं. एकाने दगड उचलला.

मी भावाची नाडी बघायला हात धरला. माझा पार गोंधळ उडाला होता. हाच माणूस मघापासून सांगत होता की सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नाही, लोकांना वाढता वाढता आणि गाडीत घालता घालता जेवण राहिलं. मी उठून मोठ्याने विचारलं, "ह्यानं मटाण खाल्लेलंच न्हाई. मग ह्याला काय झालं? सांगा की कुणीतरी."

दगडवाल्याने दगड हातातच धरला. एवढ्या वर्षांत मी एक पाहिलं आहे, गोंधळलेला माणूस दगड लगेच मारत नाही. ज्याची खात्री पटलेली असते तोच मारतो. म्हणून मी गोंधळ मिटवायच्या भानगडीत पडले नाही, वाढवत नेला.

भाऊ काय प्यायला, असं विचारलं. शेडकडे येताना पाऊण ग्लास दारू घेतली होती. मग लोक म्हणाले, दारूतच विष. चिंचेखाली प्यायला बसलेला ट्रॅक्टरचा ड्रायव्हर तिथेच उभा होता, त्याला खाली बसवलं. तू किती प्यालास? तो लाजत म्हणाला, "आक्का, खोटं कशाला बोलू, समद्यात जास्त मीच प्यालोय." तो ठणठणीत होता. म्हणजे दारूही नाही. मटण बायका-पोरांनी खाल्लं होतं, तीही ठणठणीत. मला थांगच लागेना. विष कोणी घातलं हे विचारायचं मी सोडून दिलं. सकाळपासून कोणी काय काय केलं, तेवढंच विचारत बसले.

ड्रायव्हर म्हणाला, मी ट्रॅक्टर चालवला. त्याचे हात ऑइलने काळे होते. मग मघाशी धरलेला भावाचा हात आठवला. त्याची बोटं गुलाबी होती. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून औषध लावतात, आणि कोणत्या डोळ्याला लागलं ते दिसावं म्हणून त्यात रंग घालतात. विचारलं तर सांगलीला नेलेल्या तिघांनीही सकाळी तेच औषध लावलं होतं. लावणाऱ्या दोन बायकाही होत्या, त्यांचीही बोटं गुलाबी. पण त्या दारू पीत नाहीत.

औषधाची बाटली मागवली. त्यावरच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, चष्मा लावून वाचलं. हे औषध हाताळल्यावर मद्य घेऊ नये. मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "दुकानदार म्हणला हुता तसं. पर दरसाल लावतो की आक्का, कुणाला काय झालंय?"

दरसाल आधी जेवण व्हायचं, टोळीतली पिणारी माणसं दुसऱ्या बागेवर जायची आणि औषध घरची माणसं मागाहून लावायची. यंदा मजूर मिळत नव्हते म्हणून सकाळी टोळीकडूनच औषध लावून घेतलं आणि दुपारी पंगत बसवली. एवढाच फरक. मी बाटलीवरचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं आणि डॉक्टरला हेच सांग म्हणाले. भावालाही लगेच दुसऱ्या गाडीने पाठवलं.

दोरी पुतण्याकडूनच सोडवली. मेंढपाळाला पाणी दिलं आणि विचारलं, तू खाल्लं का नाहीस?

"आक्का, आज ऐतवार हाय. आमच्या बिरोबा देवाचा वार. मी ऐतवारी मटाण खात न्हाई."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तोंड उघडलं असतं तर त्येंनी मटाण कोंबलं असतं."

गेली सहा वर्षं तो आटपाडीकडून मेंढरं घेऊन आमच्या शिवारात येत होता. दर रविवारी माझ्याच दारात ताक-भाकरी खायचा. तो रविवारी मटण खात नाही हे कोणाला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकते, पण मला माहीत होतं.

जीप आली. बीटच्या हवालदारांनी पंचनामा केला, पातेल्यातलं मटण, बाटल्या आणि औषध जप्त केलं. मारहाणीचा गुन्हा नोंदला, त्यात पुतण्याचं नाव मीच दिलं. जाऊबाई अजून माझ्याशी बोलत नाही. बोलू नये.

लोक म्हणतात, आक्कांनी डोकं लावलं. डोकं मी उशिरा लावलं. समोर जे दिसतं त्याचा आणखी काही अर्थ असेल का, हे काठी उचलली जायच्या आधी विचारायचं असतं. त्याला सातवीही लागत नाही. आज कोणी मोबाईल पुढे करून हे बघा म्हणालं, तर मी आधी विचारते, तू स्वतः काय पाहिलंस? बहुतेकांनी काहीच पाहिलेलं नसतं.

औषध बाधलेले चौघेही वाचले. मेंढपाळही वाचला. त्याचा डावा डोळा गेला.